राऊटर बंद करून चालू करण्याआधी दोन मिनिटं थांबा



मागच्या व्हिडिओत आपण घरून धंदा करणाऱ्यांनी मोबाइलवर कॅटलॉग कसा बनवायचा ते बघितलं. आज विषय कोरडा वाटेल, पण तुमच्या गल्ल्याशी त्याचा थेट संबंध आहे. घरातलं इंटरनेट बंद पडतं तेव्हा आपण काय करतो? दहातले नऊ जण उठतात, राऊटरचं बटण बंद करतात, दहापर्यंत आकडे मोजतात आणि परत चालू करतात. नाही झालं की परत एकदा. मग कंपनीला फोन. तिकडचा माणूस काय सांगतो? "सर, एकदा राऊटर बंद करून चालू करा."

माझं मत सरळ सांगतो. ज्याचा धंदा घरच्या नेटवर चालतो, त्याने ही सवय सोडायला हवी. बंद-चालू करणं चूक आहे असं नाही. ते सगळ्यात आधी करणं चूक आहे. कारण त्या एका बटणाने पुरावा पुसला जातो. कुठला दिवा लाल होता, कुठला विझला होता, मोबाइलला पत्ता मिळाला होता की नव्हता, सगळं गेलं. नेट परत आलं तर का गेलं होतं ते कळत नाही, आणि नाही आलं तर आता बिघाड कुठे शोधायचा तेही कळत नाही.

डोंबिवलीच्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. शिवलेल्या नऊवारी विकतात. दुकान नाही, बाहेरची खोली हेच दुकान. गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर काठ बघतं, रंग बघतं, खांद्यावर पदर टाकून दाखवा म्हणतं, आणि मग पैसे पाठवतं. लग्नसराईत संध्याकाळी सात ते दहा ही त्यांची कमाईची वेळ, कारण नोकरी करणाऱ्या बायका तेव्हाच मोकळ्या होतात. आणि नेमकं तेव्हाच त्यांचं नेट अडकायचं. कॉल गोठायचा. समोरच्या बाईला रंग कळायचा नाही आणि ती म्हणायची, "राहू द्या ताई, मी दादरला जाऊन बघते."

ताईंनी काय काय केलं ते ऐका. राऊटर रोज बंद-चालू. कंपनीला पाच फोन. कंपनीचा मुलगा सकाळी अकराला आला, सकाळी सगळं छान चालत होतं, त्याने वेग तपासून दाखवला आणि गेला. मग ताईंनी १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून २०० चा घेतला. फरक शून्य. मग भाच्याने दुसरा राऊटर आणून आतल्या खोलीत लावला. आता तर कहर झाला. पूर्वी संध्याकाळी अडकायचं, आता दिवसाही जायला लागलं. एका मोबाइलवर चालतंय, दुसऱ्यावर नाही, तासाभराने उलटं.

मला फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, कंपनी बदलू का?"

मी म्हटलं, "ताई, आधी बिघाड कुठे आहे ते बघू. कंपनी नंतर बदला."

इथे थोडं आतलं समजून घ्यावं लागेल, पण घाबरू नका. नेट तुमच्या मोबाइलपर्यंत येताना टप्पे असतात. बाहेरून फायबर येते ती भिंतीवरच्या डब्यात. त्याला ओएनटी म्हणतात, आणि हल्ली बहुतेक घरांत तोच डबा राऊटरचंही काम करतो. तिथून वाय-फाय हवेतून मोबाइलकडे. आणि पलीकडे कंपनीची यंत्रणा, आणि त्याच्याही पलीकडे ती वेबसाइट. बिघाड यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकतो, पण आपल्याला सगळीकडे एकच वाक्य दिसतं, 'नेट नाही'. गावाकडे नळाला पाणी आलं नाही की आपण आधी शेजाऱ्याला विचारतो ना, तुमच्याकडे आलंय का? शेजारी हो म्हणाला तर आपल्या घरातला कॉक बघतो. तोही नाही म्हणाला तर टाकीकडे जातो. नळ वीस वेळा उघड-बंद करत कुणी बसत नाही. नेटच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

तर पहिला प्रश्न: कुणाचं गेलंय? फक्त लॅपटॉपचं की घरातल्या सगळ्यांचं? फक्त एक साइट उघडत नाहीये की काहीच नाही? लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा, एक मिनिटाचं काम आहे. हॉटस्पॉटवर ती साइट उघडली तर साइट आणि लॅपटॉप दोन्ही ठीक आहेत, गडबड घरच्या नेटमध्ये. हॉटस्पॉटवरही उघडली नाही, पण बाकीच्या साइट उघडतायत, तर गडबड बहुधा त्या साइटची आहे. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला पोर्टल फिरत बसलं म्हणून लोक राऊटरला शिक्षा करतात, मी स्वतः बघितलंय. आणि हॉटस्पॉटचा आणखी एक फायदा म्हणजे शोध चालू असताना गिऱ्हाईक थांबत नाही. कॉल तेवढ्यापुरता तिकडून पूर्ण करा.

दुसरं, दिवे बघा. राऊटरवरचे दिवे शोभेचे नाहीत. फायबरच्या डब्यावर साधारण पॉवर, पॉन, एलओएस, इंटरनेट आणि वाय-फाय असे दिवे असतात. कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतील. यातला एलओएस सगळ्यात महत्त्वाचा. तो लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. मग तुम्ही राऊटर शंभर वेळा बंद-चालू करा, काही होणार नाही. वायर कुठेतरी तुटली, दुमडली, उंदराने कुरतडली, पावसात फांदी पडली किंवा रस्त्याच्या खोदकामात गेली. अशा वेळी तुमच्या हातात एकच गोष्ट, डब्याच्या मागची पातळ पिवळी किंवा पांढरी वायर कुठे करकचून वाकली नाहीये ना, ते बघणं. फायबरच्या आत काच असते, तांबं नाही. जास्त वाकवली की प्रकाश वाकणावरच बाहेर निसटतो. आणि हो, ती वायर उपसून टोकाकडे डोळा लावून बघायचं नाही. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

पॉन दिवा स्थिर हवा. तो नुसताच लुकलुकत राहिला तर डबा कंपनीच्या यंत्राशी ओळख पटवायचा प्रयत्न करतोय आणि ती पटत नाहीये. पॉन स्थिर आहे, एलओएस विझलेला आहे, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद आहे? मग रस्ता ठीक आहे, पण तुमचं लॉगिन होत नाहीये. इथे आधी बिल भरलंय का ते बघा. हसू नका. प्लॅन संपलेला असताना राऊटर उघडून बसलेले लोक मला माहीत आहेत.

आता माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे हे सगळं मी कुठून शिकलो ते कळेल. एका रविवारी सकाळी माझी ऑनलाइन कार्यशाळा होती, पैसे भरून आलेली चाळीस माणसं. सव्वानऊला नेट गेलं. मी सवयीप्रमाणे बंद-चालू केलं. नाही आलं. परत केलं. घामाघूम झालो. मग डब्याच्या मागचं ते बारीक भोक दिसलं, आणि मी सेफ्टीपिन घालून ते दाबून धरलं. मला वाटलं, हे जरा जोरदार बंद-चालू असेल.

मंडळी, ते भोक म्हणजे रिसेट. रिस्टार्ट आणि रिसेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिस्टार्ट म्हणजे दुकान बंद करून परत उघडणं. रिसेट म्हणजे दुकानातला माल, पाटी, वही सगळं बाहेर फेकून कोरी खोली करणं. माझ्या डब्यातलं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे कंपनीने आत भरलेलं लॉगिन गेलं. बऱ्याच जोडण्यांमध्ये डबा स्वतः एक युजरनेम आणि पासवर्ड देऊन कंपनीकडे लॉगिन करत असतो. ते माझ्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. रविवार असल्यामुळे ते भरणारा माणूस सोमवारी दुपारी आला. कार्यशाळा मी मोबाइलवरून कशीबशी ओढली, अर्धे लोक मधेच गेले, आणि मी सगळ्यांना पैसे परत दिले.

मूळ बिघाड काय होता माहीत आहे? आदल्या रात्री केर काढताना टेबल भिंतीला सरकवलं होतं आणि मागची पिवळी वायर त्यात चेपली होती. एलओएस सकाळपासून लाल लुकलुकत होता. माझं लक्षच नव्हतं. टेबल चार बोटं पुढे ओढलं असतं तर साडेनऊला कार्यशाळा सुरू झाली असती. कंपनीचा काडीचा दोष नव्हता, आणि त्या दिवशी मी फोनवर त्या पोराला नको नको ते बोललो होतो.

म्हणून सांगतो, लॉगिनचं युजरनेम, पासवर्ड, राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड हे सगळं आजच कंपनीकडून मागून वहीत लिहा. इथे माझी खरी तक्रार आहे. आपल्याकडे जोडणी देणारी बरीच मंडळी हे गिऱ्हाइकाला सांगतच नाहीत. "तुम्हाला कशाला सर, आम्ही आहोत ना." चांगल्या मनाने म्हणतात, पण रविवारी ते नसतात. काही डब्यांचं सेटिंग तर गिऱ्हाइकाला उघडताच येत नाही. घर आपलं, बिल आपलं, धंदा आपला आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे मला पटत नाही. डबा कंपनीचा असेल तर कंपनीने निदान लॉगिन तरी कागदावर लिहून द्यावं. मागा. मागितल्यावर देतात असाही अनुभव आहे.

परत ताईंकडे. त्यांच्या घरी दिवे सगळे हिरवे. म्हणजे फायबर ठीक, लॉगिन ठीक. मग बिघाड घरात. मी भाच्याला म्हटलं, संध्याकाळी साडेसातला, नेट अडकलेलं असतानाच, लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट डब्याला जोड आणि वेग मोजून सांग. सकाळी नाही. बिघाड असतो तेव्हाच मोजायचं. त्याने मोजलं, १९० च्या वर. म्हणजे कंपनी जेवढं कबूल करते तेवढं देत होती, आणि तेही संध्याकाळी. वायरवर नेट धावतंय आणि हवेत अडकतंय. वायरवरही संध्याकाळी रडलं असतं तर दोष कंपनीच्या गर्दीचा, आणि मग माझं भांडण कंपनीशी असतं. ही एक चाचणी केली असती तर दुसऱ्या प्लॅनचे पैसे वाचले असते. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात हो. १०० चा प्लॅन पुरत नाही म्हणून २०० चा घेणं म्हणजे तोटी गंजलीय म्हणून मोठी टाकी बसवणं.

मग हवेत काय होत होतं? डबा होता टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून. वाय-फायला भिंत चालते, लोखंड चालत नाही. मोबाइल होता २.४ गिगाहर्ट्झवर. हा जुना पट्टा लांब जातो, भिंती पार करतो, पण त्यात एकमेकांवर न आदळणारे मार्ग तीनच, चॅनल १, ६ आणि ११. चार मजली इमारत, प्रत्येक घरात एक राऊटर, आणि संध्याकाळी सगळे घरी. म्हणजे तीन पदरी रस्त्यावर सगळ्या इमारतीची वरात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मार्ग बरेच जास्त आहेत, पण तो भिंतीला लवकर थकतो. राऊटर ज्या खोलीत आहे त्याच खोलीत तुम्ही कॉल घेत असाल तर डोळे मिटून ५ गिगाहर्ट्झ वापरा. जाता जाता, हा ५ म्हणजे मोबाइलचा फाइव्ह-जी नव्हे. नावं सारखी म्हणून लोक गोंधळतात.

हा झाला मूळ आजार. पण भाच्याच्या राऊटरने दुसरा आजार लावला होता, आणि तो मला घरोघरी दिसतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

घरातल्या प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला राऊटर एक नंबर देतो, आयपी ॲड्रेस. हा नंबर वाटायच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. वसतिगृहात खोल्या वाटणारा रेक्टर समजा. राऊटरचा स्वतःचाही नंबर असतो, आणि आपल्याकडच्या कित्येक राऊटरचा तो कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ असा येतो. भाच्याने नवा राऊटर आणला, त्याच्या लॅनच्या भोकात वायर घातली आणि चालू केला. आता एका घरात दोन रेक्टर, दोघांच्या दारावर एकच पाटी, आणि दोघेही खोल्या वाटतायत. मोबाइलने हाक मारली की जो आधी ओ देईल तो नंबर देणार. १९२.१६८.१.१ ला जायचं म्हटलं तर कधी जुन्याकडे जातो, कधी नव्याकडे. नव्याकडे गेला तर पुढे रस्ताच नाही. म्हणून एकाचं चालतंय, दुसऱ्याचं बंद, तासाने उलटं. यात बंद-चालू केलं की चिठ्ठ्या परत टाकल्या जातात, नशीब चांगलं असेल तर थोडा वेळ चालतं, आणि माणसाला वाटतं बंद-चालूनेच बरं झालं.

उपाय दहा मिनिटांचा होता. नव्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नावाचा पर्याय होता, तो चालू केला. तो पर्याय नसेल तर त्याचा नंबर बदलून १९२.१६८.१.२ करायचा, त्यातलं डीएचसीपी बंद करायचं आणि मूळ डब्याच्या लॅनमधून वायर काढून त्याच्या लॅनमध्ये घालायची. एक घर, एक रेक्टर. दुसऱ्याने फक्त वाय-फाय पसरवायचं. मूळ डबा कपाटामागून काढून बाहेरच्या खोलीत उंचावर लावला, कॉलचा मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर घेतला. कंपनी बदलली नाही. पुढच्या महिन्यात प्लॅन परत १०० वर आणला.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पिंग करा. आधी राऊटरला, म्हणजे त्याचा जो काही १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर असेल त्याला. उत्तर आलं तर घरातला रस्ता ठीक. मग ८.८.८.८ ला. उत्तर आलं तर बाहेरचा रस्ताही ठीक. मग एखाद्या साइटच्या नावाने. पहिले दोन आले आणि नावाने आलं नाही तर डीएनएस बिघडलंय, म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी डिरेक्टरी बंद आहे. अशा वेळी राऊटरमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहा, बहुतेकदा लगेच चालू होतं. हे पिंग १९८३ साली माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने लिहिलं, पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवलं. आवाज सोडायचा, प्रतिध्वनी येतो का बघायचं. चाळीस वर्षांनंतरही याच्याइतकं सोपं हत्यार नाही. आणि लॅपटॉपचा स्वतःचा नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पुढे काही तपासू नका. रेक्टरने खोलीच दिली नाहीये, लॅपटॉपने स्वतःच कुठेतरी पथारी टाकलीय. वायर किंवा राऊटर बघा.

आता तुमच्यातले काही म्हणतील, सर, मी लाडू वळू की राऊटर शिकू? रास्त आहे. पण गिरणीवाल्याला पट्टा घसरल्याचा आवाज कळतो, रिक्षावाला प्लग स्वतः पुसतो, शिवणकाम करणारी बाई मशीनचा दोरा तुटायला लागला की ताण स्वतः सैल करते. मेकॅनिक व्हायची गरज नसते, पण दुखणं कुठे आहे हे सांगता आलं पाहिजे. घरून धंदा करणाऱ्याला राऊटर हे तसंच यंत्र झालंय. आपण मात्र त्याला टीव्हीच्या मागे कोंबतो आणि वर पुसायचं फडकं ठेवतो.

बंद-चालूला माझा सरसकट विरोध नाही, हे परत सांगतो. राऊटर छोटा कॉम्प्युटरच आहे, आठवडेच्या आठवडे चालून अडकतो, आणि रिस्टार्टने तो मोकळा होतो. करा, पण दिवे बघून, फोटो काढून, मग एकदाच करा. नीट करा. बंद केल्यावर मिनिटभर थांबा, चालू केल्यावर तीन-चार मिनिटं हात लावू नका. काही ठिकाणी तुमचं जुनं लॉगिन कंपनीच्या बाजूला थोडा वेळ तसंच अडकून राहतं, तुम्ही घाईने परत परत बटण दाबलं की नवं लॉगिन नाकारलं जातं आणि तुम्ही स्वतःच बिघाड लांबवता. आणि आठवड्यातून दोनदा बंद-चालू करावं लागत असेल तर तो उपाय राहिला नाही, ते लक्षण आहे. बरेचदा दोष राऊटरचा नसतोच, त्याच्या ॲडॅप्टरचा असतो. काळा ठोकळा म्हातारा झाला की पुरेसा करंट देत नाही, आणि राऊटर मधूनच दम टाकून स्वतः रिस्टार्ट होतो. ॲडॅप्टर बदलताना खालचे आकडे जुळवून घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

लाइटचा विषयही इथेच. पुण्याकडे गुरुवारी महावितरणच्या दुरुस्तीसाठी लाइट जाते हे आपण धरूनच चालतो, पण राऊटरची सोय करत नाही. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, जो थेट १२ व्होल्ट देतो. इन्व्हर्टर असला तरी तो लावा, कारण काही इन्व्हर्टर लाइट गेल्यावर क्षणभर श्वास घेतात आणि तेवढ्यात राऊटर बंद पडतो. राऊटर परत उभा राहीपर्यंत तुमचा कॉल गेला.

शेवटी कंपनीला फोन करायची वेळ येतेच. तेव्हा "नेट नाही" म्हणू नका. म्हणा, "संध्याकाळी सात चाळीसपासून एलओएस लाल लुकलुकतोय, डब्यामागची वायर मोकळी आहे, ॲडॅप्टर ठीक आहे." किंवा म्हणा, "दिवे सगळे ठीक, पण लॅनच्या वायरने जोडून आठ वाजता वेग सहा येतोय, फोटो पाठवतो." एवढं ऐकलं की पलीकडच्या माणसाला हातातला ठरीव कागद बाजूला ठेवावा लागतो. आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण नियमांत हा नंबर द्यायची तरतूद आहे, आणि निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करायची सोयही आहे. नंबर नसेल तर तुम्ही पाच फोन केलेत हे सिद्ध कसं करणार? ताईंनी पाच फोन केले होते. नंबर एकाचाही नव्हता.

आणि त्या बाइकवरून येणाऱ्या पोराबद्दल एक. उन्हात, पावसात, खांबावर चढून तो काम करतो, आणि प्रत्येक घरात त्याला एकच वाक्य ऐकू येतं. तुम्ही नेमका बिघाड सांगितलात तर तो नेमकं सामान घेऊन येतो. नाही तर आधी बघायला येतो, आणि सामान आणायला परत जातो. तो दिवस तुमचाच गेला.

ताईंच्या कपाटाच्या दाराला आतून आता एक कागद चिकटवलाय. त्यावर लॉगिन, डब्याचा नंबर, सगळं नीट चालू असतानाच्या दिव्यांचा फोटो, आणि खाली तारीख, वेळ, दिवा, डॉकेट नंबर असे रकाने. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात त्यांचं नेट गेलं तेव्हा त्यांनी राऊटरला हात लावला नाही. तीन ओळी भरल्या, हॉटस्पॉटवर चालू असलेला कॉल पूर्ण केला आणि कंपनीला फोन केला. तो मुलगा आला तेव्हा घरात न शिरता दारातूनच त्याने कागद वाचला, "एलओएस लाल ना? मग वर काही नाही, काकू," म्हणाला आणि सरळ जिन्याखालच्या जंक्शन बॉक्सकडे गेला. बॉक्समध्ये पाणी शिरलं होतं.